पिझ्झ्याचा तुकडा, वीस मिनिटांनंतर: नागपूरच्या तीन फेऱ्यांची नोंद

आमच्या महिला बचत गटाचं लहानसं बेकरी युनिट वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्यात, जाम चौरस्त्यापासून सहा किलोमीटर आत आहे. टोस्ट, नानखटाई आणि सणावाराला खारी एवढंच आजवर करत होतो. २०२४ च्या दिवाळीनंतर आठवडी बाजारात पिझ्झ्याचे तुकडे विकायचं ठरलं. मैद्यात हात बसलेला होता, पण चांगला पिझ्झा कसा लागतो आणि तो कशामुळे बिघडतो, हे आमच्यापैकी कोणालाच नेमकं सांगता येत नव्हतं. म्हणून आधी नागपूरला जाऊन खायचं, मोजायचं आणि तुलना करायची असं ठरवलं. २६ नोव्हेंबर २०२४ ते ११ जानेवारी २०२५ एवढा वेळ यात गेला. असंच काही करू पाहणाऱ्या गावाकडच्या गटांना आणि लहान बेकरीवाल्यांना उपयोग व्हावा, म्हणून सगळं क्रमाने लिहितो आहोत.

पैशाचं आधी. गटाच्या बैठकीत ठराव लिहून ४,००० रुपये मंजूर करून घेतले. हॉटेलचं बिल मिळतं, गाडीवाल्याचं मिळत नाही. तिथे वहीत तारीख, ठिकाण, रक्कम लिहून दोघींच्या सह्या घ्यायच्या, असं ठरावातच नमूद केलं. पुढे हिशोब दाखवताना कोणालाच काही विचारावं लागलं नाही. तिन्ही फेऱ्यांत पिझ्झ्यांवर १,८७१ रुपये गेले आणि तिघींच्या प्रवासावर साधारण सोळाशे. एसटीत महिलांना अर्धं तिकीट असल्यामुळे जामहून नागपूर एका वेळी माणशी पन्नासच्या आतच पडलं.

सोबत नेलेलं सामान: शिवणकामाचा टेप, मिलिमीटरच्या खुणा असलेली स्टीलची पट्टी, ३५० रुपयांचा डिजिटल काटा, वही, पाण्याची बाटली, स्टीलचा डबा आणि ज्वारीच्या भाकरीचे कोरडे तुकडे. भाकरी दोन पिझ्झ्यांच्या मध्ये खाण्यासाठी. तिला मीठ नाही, तेल नाही, त्यामुळे जिभेवरचा चीजचा थर निघून जातो. नुसत्या पाण्याने तो जात नाही.

नियम एकच ठेवला होता. सगळीकडे साधा मार्गारिटाच (वर टोमॅटो, चीज आणि तुळस एवढंच) घ्यायचा, आणि तो नसेल तर फक्त चीजचा. ढोबळी मिरची, मका, पनीर, शेजवान चटणी वर आली की खालचा बेस कच्चा आहे की वातड, हे जिभेला कळत नाही. आम्हाला तर बेसच शिकायचा होता. प्रत्येक पिझ्झ्याचा एक तुकडा गरम असताना आणि दुसरा वीस मिनिटांनी खायचा, हेही आधीच ठरवलं होतं. बाजारात माणूस तुकडा हातात घेऊन भाजी घेतो, कोणाशी बोलतो, मग खातो. घरी लेकरांसाठी बांधून नेणारेही असतात. आमच्यासाठी खरी परीक्षा वीस मिनिटांनंतरचीच होती.

पहिली फेरी मंगळवार, २६ नोव्हेंबरची. विधानसभेचा निकाल नुकताच लागला होता, जामच्या चौकात गुलाल अजून दिसत होता. साडेसातची गाडी धरली. वाहकाला आधीच सांगून खापरीला उतरलो आणि तिथून मेट्रोने सीताबर्डीला गेलो. गणेशपेठ बसस्थानकापर्यंत जाऊन ऑटो करण्यापेक्षा हे सोपं पडतं. सीताबर्डीला मार्ग बदलून शंकरनगरला उतरलं की धरमपेठ, गोकुळपेठ पायी फिरता येतं.

दोन चुका मात्र लगेच झाल्या. पिझ्झ्याची दुकानं अकराच्या आधी उघडत नाहीत आणि गाड्या तर संध्याकाळी पाचनंतरच लागतात. म्हणजे दोन तास नुसतं बसून राहिलो. त्या वेळात भूक लागली म्हणून तर्री पोहे खाल्ले. ही दुसरी चूक. तर्रीचा तिखटपणा तासभर जिभेवर राहतो, त्यामुळे साडेअकराला खाल्लेला पहिला पिझ्झा कसा लागला याची नोंद निकामी झाली. तो दुसऱ्या फेरीत पुन्हा घ्यावा लागला, १३५ रुपये वाया. चवीसाठी जायचं असेल तर घरून दही-भात किंवा साधी पोळी खाऊन निघावं आणि साडेनवाची गाडी धरावी.

तो पहिला पिझ्झा एका मोठ्या साखळी दुकानातला. सात इंची, १२९ रुपये अधिक पाच टक्के जीएसटी. वातानुकूलित दुकानात तिघींनी मिळून एक लहान पिझ्झा मागताना संकोच वाटला होता, पण कोणी काही म्हटलं नाही. काटा टेबलावर ठेवला तेव्हा तिथल्या मुलाने विचारलं, "ताई, वजन काहून करता?" कारण सांगितलं तर त्यानेच ओव्हन लांबून दाखवला. सरकत्या जाळीचा ओव्हन असतो तो. पिझ्झा एका बाजूने आत जातो आणि सहा-सात मिनिटांनी दुसरीकडून भाजून बाहेर येतो. तेल लावलेल्या काळ्या ताटलीत बेस असतो, म्हणून त्याचं बूड भाजल्यापेक्षा तळल्यासारखं लागतं. वजन २१५ ग्रॅम, मधली जाडी ९ मिलिमीटर.

दुपारी एकला धरमपेठेतल्या एका बेकरीत चौकोनी तुकडा घेतला, ६० रुपयांचा. ट्रेमध्ये सकाळी भाजून ठेवलेला होता. मागितल्यावर मायक्रोवेव्हमध्ये गरम करून दिला. हातात आला तेव्हा कापसासारखा मऊ होता आणि पाच मिनिटांत चामड्यासारखा झाला. मायक्रोवेव्ह पिठातल्या पाण्याला आतून तापवतो आणि ते वाफ होऊन निघून जातं. गार होताना आतला स्टार्च घट्ट बसतो, म्हणून तुकडा दातांनी तुटत नाही. पिझ्झा परत गरम करायचा तर खालून कोरडी आच हवी, तवा किंवा तापलेला दगड. पहिल्या दिवसाची सगळ्यात कामाची गोष्ट हीच ठरली.

साडेतीनला गोकुळपेठेत एका कॅफेत नऊ इंची, २४० रुपये. हा तयार बेसवरचा होता. तयार बेस ओळखायला सोपा असतो. बुडाला सारख्या अंतरावर टोचल्याची भोकं असतात, काठ सगळीकडे एकसारखा आणि फिका, आणि तोडला तर आतली जाळी पावासारखी बारीक. तो आधी अर्धा भाजलेला असतो. दुसऱ्यांदा कमी आचेवर बराच वेळ ठेवला की उरलेलं पाणीही उडतं आणि काठ टोस्टसारखा कडक होतो. टोस्ट आम्ही रोज करतो, पाणी घालवून कडक करणं म्हणजे काय ते आम्हाला ठाऊक आहे. पिझ्झ्यात तेच नको असतं.

शेवटी साडेपाचला सीताबर्डीत गाडीवरचा, आठ इंची, ८० रुपये. तोही तयार बेस, पण जाड लोखंडी तव्यावर अमूल लोण्यात परतलेला आणि वर झाकण. गरम असताना आम्हा तिघींना दिवसभरातला हाच आवडला. बूड कुरकुरीत आणि वरून वाफेने चीज वितळलेलं. वीस मिनिटांनी मात्र चीजचा पापुद्रा आखडला आणि सोलल्यासारखा अख्खा उचलून हातात आला.

इथे पहिल्या फेरीतली तिसरी चूक सांगायला हवी. वीस मिनिटांसाठीचे तुकडे आम्ही स्टीलच्या डब्यात झाकण लावून ठेवत होतो. गरम तुकड्याची वाफ झाकणाला लागून परत खाली पडते. चारही तुकडे सारखेच ओले झाले, तुलना राहिलीच नाही. दुसऱ्या फेरीपासून नानखटाई गार करायची तारेची जाळी सोबत नेली. जाळीवर ठेवलेल्या तुकड्याला खालूनही हवा लागते. डबा घ्यायचाच तर झाकण बोटभर उघडं ठेवावं.

दुसरी फेरी बुधवार, ४ डिसेंबर. यावेळी सदर भागात, कस्तूरचंद पार्क मेट्रो स्थानकावर उतरून. तर्री नाही, घाई नाही. दुपारी तीन ते पाच ही वेळ सर्वांत चांगली. गर्दी नसते, त्यामुळे आदराने विचारलं तर बहुतेक ठिकाणी भट्टी पाहू देतात.

लाकडाच्या भट्टीचा पिझ्झा अकरा इंची, करासह ३३६ रुपये. तो आतून कसा शिजतो ते समोर पाहायला मिळालं. गोळा हाताने थापून वाढवलेला, वर पातळ टोमॅटो, चीजचे मोजके तुकडे. लांब दांड्याच्या फावड्याने आत सरकवला, एकदा फिरवला आणि दीड-दोन मिनिटांत बाहेर. काठ २२ मिलिमीटर फुगलेला, त्यावर काळे ठिपके, आणि मधली जाडी जेमतेम ३ मिलिमीटर. इटलीतल्या नेपल्सची ही पद्धत. तिथले पारंपरिक कारागीर साधारण ४३० अंशांच्या वर तापलेल्या भट्टीत ६० ते ९० सेकंदांत पिझ्झा काढतात, आणि या कलेला २०१७ साली युनेस्कोने मानवी वारशाच्या यादीत घेतलं आहे. इतक्या कमी वेळात पिठातलं पाणी उडायला सवडच मिळत नाही, म्हणून काठ कापसासारखा मऊ राहतो. टोक उचललं की मान टाकतं, आणि तो दोषही नव्हे. गरम असताना तिन्ही फेऱ्यांत याच्याइतका सुंदर दुसरा कोणताच लागला नाही. वीस मिनिटांनी मात्र मध्यभागी ओल सुटली आणि काठ ताणला तरी तुटेना. हा पिझ्झा भट्टीपाशी बसून खायचा. बाजारात न्यायचा नाही.

त्याच दिवशी आठ इंची पॅन पिझ्झा २२० रुपयांचा आणि दगडी तळाच्या ओव्हनमधला दहा इंची २७५ रुपयांचा घेतला. पॅन पिझ्झ्याचं पीठ तेल लावलेल्या खोल भांड्यातच दीड-दोन तास फुगू देतात, मग भाजतात. वीस मिनिटांनी सगळ्यांत कमी बदललेला हाच. पण एका तुकड्यात पोट भरतं आणि तेल हाताला लागतं. दगडी तळाचा मध्यम होता, सगळ्याच बाबतींत बरा. त्यात एक दोष स्पष्ट दिसला आणि तो प्रत्येकाने ओळखायला शिकावा. तुकडा आडवा कापला की सॉसच्या लगेच खाली चकचकीत, ओलसर पिठाचा पट्टा दिसतो. नखाने दाबलं तर तो परत वर येत नाही. आम्ही वहीत त्याला 'चिकट पदर' असं नाव दिलं. सॉस पातळ असला, चीज जास्त असलं किंवा खालून आच कमी पडली की तो राहतो. वरून पाहून पिझ्झा झाला असं वाटतं आणि आत पीठ कच्चं असतं. दगडी ओव्हनमध्येही तो का राहिला, हे थोड्या वेळाने कळलं. एकामागून एक पिझ्झे टाकल्याने दगड गार झाला होता आणि मधे थांबायला वेळ नव्हता.

पहिल्या फेरीतला साखळी दुकानाचा पिझ्झा याच दिवशी पुन्हा खाल्ला. वीस मिनिटांनीही मऊ राहिला, अगदी पातळ चिकट पदर होता, चीज घट्ट झालं पण रबर झालं नाही.

दिवसाला चारच पिझ्झे पुरे. चौथ्यानंतर सगळं सारखंच लागू लागतं आणि वहीत 'ठीक' एवढंच लिहिलं जातं. पाचवा आम्ही मागवायला निघालो होतो, पण सोडून दिला.

तिसऱ्या फेरीला मंगळवार, १७ डिसेंबर निवडला तेव्हा हिवाळी अधिवेशनाचा विचारच केला नव्हता. १६ तारखेला ते सुरू झालं. अधिवेशनाच्या दिवसांत विधानभवन, सिव्हिल लाइन्स, सीताबर्डी या भागात मोर्चे असतात आणि रस्ते बंद असतात. म्हणून शहराच्या मध्यात गेलोच नाही. खापरीहून मेट्रोने उज्ज्वलनगर आणि दिवसभर मनीषनगर, वर्धा रोड एवढ्यातच राहिलो. झालं ते बरंच झालं, कारण आम्हाला हवं होतं ते तिथेच सापडलं.

एका दुकानात १६ इंची पिझ्झ्याचे सुटे तुकडे मिळतात, ११० रुपयांना एक. दोन घेतले. ही न्यूयॉर्कची रीत. तिथे १८ इंचांचा पिझ्झा करून आठ तुकडे पाडतात, काउंटरवर ठेवतात आणि गिऱ्हाईक आलं की तुकडा परत ओव्हनच्या तळावर गरम करून देतात. म्हणजे हा पिझ्झा दोनदा तापण्यासाठीच बनवलेला असतो. पिठात थोडं तेल आणि साखर असते. तेलाने बेस मऊ राहतो, साखरेने कमी आचेवरही रंग येतो. चीज कमी पाण्याचं असतं, म्हणून ओल सुटत नाही. तुकडा मधोमध दुमडून खाता येतो. दुकानातल्या भाऊंनी तो दगडावर दोन मिनिटं ठेवून दिला. बूड कुरकुरीत, वरून मऊ. वीस मिनिटांनी जाळीवरचा तुकडा खाल्ला, तोही टोक ताठ ठेवून होता.

दुसरा शोध संध्याकाळी लागला. ७० रुपयांत पिझ्झा देणारा एक गाडीवाला तयार बेस घेत नाही. रात्री पीठ भिजवून ठेवतो आणि दुपारी स्वतः लाटतो. काठ तोडला तेव्हा आत लहान-मोठी, वेडीवाकडी जाळी दिसली. रात्रभर आंबल्याने पिठाला येणारा किंचित आंबूस वासही होता. चीज साधंच होतं, तरी बेसच्या जोरावर आमच्या वहीत तो दुसऱ्या क्रमांकावर गेला. त्या रात्री परतीच्या गाडीत आम्ही फार आनंदात होतो. त्याच्याकडे जे होतं ते सगळं आमच्याकडेही आहे, हे कळलं होतं. तिसऱ्या ठिकाणचे बेकरीतले ट्रेचे तुकडे ताजे होते, त्यापलीकडे लिहिण्यासारखं काही नाही.

किमतीची तुलना करताना इंचांवर जाऊ नका, क्षेत्रफळ काढा. सात इंची पिझ्झा सुमारे साडेअडतीस चौरस इंच भरतो आणि दहा इंची साडेअठ्ठ्याहत्तर, म्हणजे दुपटीहून जास्त. १६ इंचीचा आठवा तुकडा २५ चौरस इंचांचा. आमच्या नोंदीप्रमाणे चौरस इंचाला साखळी दुकानात सुमारे साडेतीन रुपये पडले, लाकडाच्या भट्टीत तेवढेच, मोठ्या तुकड्याच्या दुकानात ४ रुपये ४० पैसे आणि सीताबर्डीच्या गाडीवर १ रुपया ६० पैसे.

या फेऱ्यांच्या मधेच कागदपत्रंही सुरू होती. टोस्ट-नानखटाईची अन्न नोंदणी युनिटच्या पत्त्यावर आधीपासून आहे. बाजारात टेबल लावून गरम करून विकायचं तर त्याची वेगळी नोंदणी करायची ठरली. तेव्हाच्या नियमाप्रमाणे वर्षाची उलाढाल १२ लाखांच्या आत असल्याने परवाना नको होता, नोंदणी पुरत होती. त्यासाठी नमुना 'अ', वर्षाला १०० रुपये, एका वेळी पाच वर्षांपर्यंत भरता येत होते. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या फॉस्कॉस या संकेतस्थळावर ९ डिसेंबरला अर्ज केला, ५०० रुपये भरले. नियमात सात दिवस होते, पण १३ तारखेला शंका निघाली. अर्जात गावाचं नाव एका तऱ्हेने लिहिलेलं आणि आधारवर दुसऱ्या तऱ्हेने. चूक आमचीच होती. ग्रामपंचायतीचा दाखला जोडून १६ ला उत्तर दिलं आणि २७ डिसेंबरला चौदा अंकी क्रमांकाचं प्रमाणपत्र आलं. एकूण अठरा दिवस. अर्ज भरण्याआधी आधार, बँक पासबुक आणि दाखला शेजारी ठेवून गावाचं नाव अक्षर न् अक्षर जुळवून पाहा. प्रमाणपत्र विक्रीच्या जागी दिसेल असं लावावं लागतं. आम्ही ते प्लास्टिकच्या पाकिटात घालून टेबलाला बांधतो. घरगुती लाल सिलिंडर विक्रीसाठी वापरता येत नाही. १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर जड वाटत असेल तर पाच किलोचा लहान मिळतो, तो ओळखपत्रावर घेता येतो.

प्रयोग २२ डिसेंबरला सुरू केले. पहिल्या दिवशी संध्याकाळी ओव्हन लावला आणि तासभर होऊनही तो २०० अंशांच्या वर जाईना. कारण विजेचा दाब. गावात संध्याकाळी तो १९० व्होल्टपर्यंत उतरतो. उष्णता दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणजे २३० ऐवजी १९० मिळाले तर ओव्हनची ताकद ६८ टक्क्यांवर येते. तेव्हापासून भाजणं पहाटे करतो. ओव्हनमध्ये दगड हवा म्हणून कडप्प्याचा तुकडा ठेवला होता, तो तिसऱ्या दिवशी मोठा आवाज होऊन तडकला. फरशीत ओल असली किंवा ती भरभर तापली की असं होतं. मग हिंगणघाटला वेल्डिंगच्या दुकानातून १६ बाय १६ इंचांची, ६ मिलिमीटर जाड लोखंडी पत्री कापून आणली. वजन पावणेआठ किलो, ६५० रुपये. ती ५० मिनिटं तापू द्यायची, पिझ्झा सात मिनिटं, आणि दोन पिझ्झ्यांमध्ये पाच मिनिटं थांबायचंच. नाहीतर सदरला पाहिलेला तो चिकट पदर.

पिठाचं प्रमाण शेवटी असं ठरलं: मैदा १ किलो, पाणी ६०० मिलि, मीठ २० ग्रॅम, साखर १५ ग्रॅम, तेल ३० ग्रॅम, इन्स्टंट यीस्ट ३ ग्रॅम. यात ३३० ग्रॅमचे पाच गोळे होतात, प्रत्येकी १२ इंची. यीस्ट एवढं कमी का, असं गटातल्या काकूंनी विचारलं होतं. पीठ रात्रभर फ्रिजमध्ये सावकाश आंबू द्यायचं असतं. यीस्ट वाढवलं तर ते पिठातली साखर आधीच खाऊन टाकतं, मग भाजताना रंग येत नाही आणि गोळा ढिला पडून बसतो. गोळा लाटताना मागे ओढला जात असेल तर ओढाताण करू नये, झाकून पंधरा मिनिटं ठेवला की आपोआप सैल होतो. उन्हाळ्यात, आपल्याकडे पारा पंचेचाळिसावर गेला की, बर्फाच्या पाण्यानेच भिजवावं लागेल.

चीज तीन प्रकारचं आणून शेजारी-शेजारी भाजलं. मोझरेलाला तार सुटते, कारण त्याचा दही-गोळा गरम पाण्यात ताणून केलेला असतो. सॅंडविचमधलं प्रोसेस्ड चीज गुळगुळीत वितळतं, तार येत नाही. तिसरं २८० रुपये किलोचं, दिसायला तसंच, पण पाकिटावर घटकांत 'खाद्य वनस्पती तेल' लिहिलेलं. ते दुधाचं चीज नव्हे, त्याला ॲनालॉग म्हणतात, आणि ते वापरून 'चीज' म्हणून विकता येत नाही. टाळूला मेणासारखा थर बसतो, गार झाल्यावर पापुद्रा सुटतो. सीताबर्डीच्या त्या तुकड्याचा पापुद्रा तेव्हा आठवला. आम्ही ४८० रुपये किलोचं मोझरेला घेतलं. लहान अक्षरांतले घटक वाचल्याशिवाय चीज घेऊ नका, दुकानदार काहीही म्हणो. किसून पाकिटात मिळतं त्याला चिकटू नये म्हणून स्टार्च लावलेला असतो. लादी घेऊन स्वतः किसलेलं चीज अधिक चांगलं वितळतं.

सॉससाठी आपल्याकडचे टोमॅटो पाणीदार असतात. मीठ लावून अर्धा तास चाळणीत ठेवले, पाणी काढून टाकलं, मग लसूण घालून निम्मे होईपर्यंत आटवले. वर तुळस नाही, सांबार, म्हणजे कोथिंबीर.

शनिवार, ११ जानेवारीला पहिल्यांदा बाजारात गेलो. पहाटे पाचला ओव्हन लावला, सहाला पहिला पिझ्झा आत गेला, पावणेनऊला चौदावा बाहेर आला. प्रत्येक पिझ्झा जाळीवर पूर्ण गार करून फ्रिजमध्ये ठेवला, दुपारी बर्फाच्या पेटीतून नेला. चीज लावलेला पिझ्झा उघड्यावर तासन् तास ठेवू नये, थंडीचे दिवस असले तरी. मागणी आली की तुकडा जाड तव्यावर मंद आचेवर तीन मिनिटं, झाकण एका बाजूने उचललेलं. एका पिझ्झ्याला खर्च १०७ रुपये, त्यात ६७ रुपये चीजचेच. सहा तुकडे, तुकडा ३० रुपये. बाजाराची पावती ३० रुपयांची.

८४ तुकड्यांपैकी ७१ गेले. शाळेतले पोट्टे आधी नुसते पाहत उभे राहिले, मग दोघांनी मिळून एक घेतला. एका आजींनी तुकडा रुमालात गुंडाळला, भाजीबाजार फिरून परत आल्या आणि आमच्यासमोरच खाल्ला. "थंडा झाला, पण तुटून राह्यला बरोबर," म्हणाल्या. आम्ही घड्याळ पाहिलं. पंचवीस मिनिटं झाली होती.